टूनंतरचा ठिपका

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दहावीच्या इंग्रजीचे गठ्ठे माझ्या घरी आले, तेव्हा माझा बारावा रोजा होता आणि नोकरीचं एकतिसावं वर्ष. दोन्हींत जास्त थकवणारं कोणतं, ते सांगता येणार नाही. रोजा संध्याकाळी सुटतो, एवढाच फरक.

मी मिनाज मुजावर. नळदुर्गच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. पोरं ते शिकतात असं मात्र मी म्हणत नाही, तेवढं धाडस आता उरलेलं नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात मी निवृत्त होणार. लोक विचारतात, मॅडम, मग पुढं काय करणार? मी सांगते, झोपणार. ते हसतात. मी गंमत करत नसते.

पंचवीस-पंचवीस उत्तरपत्रिकांची दहा पाकिटं होती. हॉलमध्ये पंख्याखाली सतरंजी टाकून मी बसले, पाठीला लोड, पुढ्यात लाल पेन आणि घशाला कोरड. पहिल्या दोन पाकिटांत नेहमीचीच मंडळी भेटली. ही वॉन्ट्स टू गोज. शी लाइक्स टू सिंग्स. दे वेंट टू बॉट मँगोज. ही वाक्यं लिहिणारी पोरं दरवर्षी बदलतात, वाक्यं बदलत नाहीत. त्यांतल्या काही पोरांचे बापसुद्धा मी तपासले असतील.

इंग्रजी व्याकरणात मला सगळ्यांत जास्त छळलं असेल तर या 'टू'नं. खरं तर त्यात अवघड काहीच नाही. मी वर्गात सांगते, आपल्या मराठीत 'जायला' म्हणतो की नाही? मी जायला निघाले, तो जायला निघाला, आपण काल जायला निघालो, ती उद्या जायला निघेल. निघणारा बदलला, वेळ बदलली, 'जायला' बदललं का? नाही. मग इंग्रजीतलं 'टू गो' तसंच. टू आलं की पुढच्या क्रियापदाची शेपटी कापायची. एस नको, ईडी नको, आयएनजी नको. नुसतं क्रियापद, आईच्या पोटातून आलं तसं. पोरं माना डोलावतात. त्यांना सगळं कळतं. दुसऱ्या दिवशी चाचणी घ्यावी, तर शेपट्या पुन्हा जागच्या जागी.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी अशाच एका चाचणीवर इतकी चिडले, की वह्या सगळ्यांच्या पुढ्यात आपटल्या आणि एक नवा नेम घालून दिला. लिहून झालं की पेन्सिल घ्यायची. पेपरभर 'टू' शोधत हिंडायचं. टूच्या पुढचा शब्द काही काम सांगत असेल तर त्याच्याखाली एक बारीक ठिपका द्यायचा. 'टू स्कूल'ला ठिपका नाही, शाळा हे काही क्रियापद नव्हे. 'लेट' आणि 'मेक'च्या वाक्यांत मध्ये 'टू' येतच नाही, तिथं ठिपका द्यायला जागा शोधू नका. ठिपका देताना हात थांबतो, हात थांबला की डोळा थांबतो, आणि डोळा थांबला की शेपटी दिसते. दिसली की खोडा. आणि शेवटची पाच मिनिटं ठिपके पुसायला राखून ठेवायची, कारण बोर्डाच्या पेपरात असली खूण चालत नाही. हे कोणत्या पुस्तकात नाही. माझ्या रागातून निघालेलं आहे. पाच-सहा वर्षं मी ते नेमानं करून घेतलं, मग माझाच उत्साह संपला.

तिसरं पाकीट उघडलं आणि पहिल्याच उत्तरपत्रिकेत मला तो ठिपका दिसला.

आधी वाटलं, कागदातला डाग आहे. मग दुसरा दिसला, तिसरा दिसला. टू ईट, खाली ठिपका. टू प्ले, खाली ठिपका. टू मार्केट, ठिपका नाही. पुढची उत्तरपत्रिका उघडली, तिच्यातही तेच. मी सगळं पाकीट सतरंजीवर पसरलं. पंचवीसपैकी एकवीस पोरांनी पेपरभर टूच्या मागं पेन्सिल फिरवली होती. सात-आठ ठिकाणी तर ठिपक्यानं त्याचं काम केलेलं दिसत होतं, शेपटी लिहिली होती आणि मग तिच्यावर काट मारली होती. पुसायला मात्र कुणालाच वेळ पुरला नव्हता.

मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. सांगायला लाज कशाला वाटावी, मला फार आनंद झाला. एकतीस वर्षांत मी जे बोलले ते सगळं शाळेच्या खिडकीतून हमरस्त्यावर उडून गेलं, असंच मी धरून चालले होते. आणि कुठंतरी, कुणीतरी, माझाच नेम एका वर्गाला घालून देत होतं. गठ्ठा कुठल्या गावचा हे परीक्षकाला कळत नाही, आपल्या जिल्ह्याचा नसतो एवढंच माहीत. मी आठवून पाहिलं. बीएड केलेल्या माझ्या तीन जुन्या विद्यार्थिनी डोळ्यांपुढं आल्या. एक सोलापूरला बँकेत आहे, एक पुण्यात, तिसरीनं नोकरी सोडली. मग कोण, ते काही सुचलं नाही.

आनंद पाचेक मिनिटं टिकला. परीक्षकांच्या सूचनांचं पत्रक माझ्या मांडीशीच पडलेलं होतं. उत्तरपत्रिकेत ओळख पटेल अशी कोणतीही खूण आढळल्यास तपासणी थांबवावी आणि अहवाल द्यावा. दरवर्षी आम्ही त्याखाली सही करतो. आता एकवीस उत्तरपत्रिकांत एकच खूण, एकाच पेन्सिलीतून निघाल्यासारखी. कुणीही म्हणेल, ही परीक्षकाला दिलेली खूण आहे, आमची पोरं सांभाळा म्हणून. आणि परीक्षक कोण, तर जिनं ही खूण शोधून काढली तीच बाई. अहवाल गेला असता तर एकवीस निकाल राखून ठेवले गेले असते, पोरांना सुनावणीला बोलावलं असतं. अहवाल गेला नसता आणि पुढं कुणाच्या नजरेस पडलं असतं, तर पोरांबरोबर मीही.

मग मी जे केलं ते थकलेल्या माणसाचं काम होतं. मी पाउचमधून खोडरबर काढलं.

सुरुवात कुठून करावी, तर जी उत्तरपत्रिका मला सगळ्यांत आवडली होती तिच्यापासून. निबंध होता मोठेपणी काय व्हायचंय यावर. बाकीची पोरं डॉक्टर आणि पोलीस झाली होती, त्या निबंधांचा मजकूर गाइडमधला. ही मुलगी होती आणि तिला एसटीची बस चालवायची होती. आय ॲम गर्ल बट आय वॉन्ट टू ड्राइव्ह बस. माय फादर डू नॉट वॉन्ट मी टू ड्राइव्ह. आय विल लर्न टू ड्राइव्ह. इंग्रजी कच्चंच होतं, मार्क काठावरचे. पण प्रत्येक 'टू'नंतरचं क्रियापद ठणठणीत होतं. पहिल्या वाक्यात तर तिनं आधी 'ड्राइव्हज' लिहून मागून एस काटला होता. सगळ्यांत जास्त ठिपकेही हिचेच. लाडाची म्हणून मी पहिली हीच घेतली.

मी भराभर पुसत गेले. ठिपके जात होते. निबंधाच्या पानावर आले तेव्हा बोटांना घाम होता. 'टू ड्राइव्ह'च्या खाली जरा जोर लागला, शाई फरफटली, आणि कागदाला छिद्र पडलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. मी रबर खाली ठेवलं. माझ्या समोर वीस उत्तरपत्रिका ठिपक्यांच्या होत्या आणि एक अशी, जिच्यात कुणीतरी जागोजाग पुसलंय हे आंधळ्यालाही कळावं. म्हणजे वीस जणांना संशयाचा फायदा मिळेल, पण हिला मिळणार नाही. हिनंच काहीतरी लपवलंय, असंच दिसत होतं.

जैनोद्दीन दुपारची नमाज पढून आले. आमचे हे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. मी त्यांना सगळं सांगितलं. खरं तर हे सगळं गोपनीय असतं, पण घरात गोपनीय ठेवायची ताकद माझ्यात नव्हती. त्यांनी दोनदा विचारून घेतलं की ती पोरगी बस म्हणते की ट्रक. बसच म्हणते म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. मग म्हणाले, गाडी घासली की ड्रायव्हरनं आधी आपलं नाव लिहायचं, पॅसेंजरची नावं मागून. एवढं बोलून ते आडवे झाले. मला त्यांचा राग आला, कारण ते बरोबर बोलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते पाकीट पिशवीत घालून उमरग्याच्या बसमध्ये बसले. गठ्ठे ज्यांच्याकडे जमा करायचे ते आमचे नियामक, विरेश बिराजदार सर, तिथल्या एका शाळेत बसतात. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, इंग्रजी नेटकं आणि स्वभाव सरळ. परीक्षकांनी तपासलेलं ते पुन्हा पाहतात. मला एकटीला पाकीट घेऊन आलेलं बघून त्यांनी आधी खुर्ची दिली आणि मग पाणी मागवलं. मागवल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते परत पाठवलं.

मी सगळं सांगितलं. नेम माझा आहे, हेही सांगितलं. त्यांनी खिडकीपाशी नेऊन एकेक उत्तरपत्रिका उजेडात पाहिली. मला वाटलं होतं, ते पहिल्या दोनांतच हात वर करतील. पण ते तासभर बघत राहिले. काटलेल्या शेपट्या मीच त्यांना दाखवल्या. परीक्षकाला खूण करायची असती तर पोरांनी चुकलेल्या शब्दांखाली कशाला केली असती? आणि ठिपका देऊन मग चूक सुधारली असती का? त्यांनी त्या जागा मोजल्या. एका ठिकाणी 'टू स्कूल'खाली ठिपका देऊन एका पोरानं तो पुन्हा खोडला होता, ते पाहून ते पहिल्यांदा हसले.

"ही तपासणीचीच खूण हाय मॅडम," ते म्हणाले. "रफ कामाच्या पेन्सिलखुणा, शंकास्पद न्हाय, असं म्या लिवतो. पण ह्ये कुणी पुसलं?"

"मी."

त्यांनी पेनाला टोपण घातलं. बाहेर शिपाई कुणाला तरी चहाचं विचारत होता.

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली आणि आवाज खाली घेतला. मला वाईट वाटेल असं त्यांना काही बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. वीस उत्तरपत्रिका सुटतात. ही एक बाजूला काढू. परीक्षार्थीनं स्वतःच खाडाखोड केली, पान खराब केलं, एवढं लिहू. मुलीला सुनावणीला बोलावतील, ती म्हणेल मी काही केलं नाही, तिच्याविरुद्ध दुसरं काही नाहीच, तेव्हा ऑगस्टपर्यंत निकाल सुटेल. तिचं नुकसान काही नाही. माझं नाव कुठंच येणार नाही. पेन्सिलीच्या खुणा असलेल्या उत्तरपत्रिकेवर परीक्षकानं हात चालवला असं कागदावर आलं, तर मात्र ते काही करू शकत नव्हते.

"निवृत्तीला वरीस राह्यलंय तुमच्या," ते म्हणाले. "चौकशी लागली तर पेन्शनचे कागद कुठं अडकत्याल, सांगता येत न्हाय."

मला ते पटलं. खोटं का सांगू, मला ते अगदी मनापासून पटलं. एका मुलीचे दोन-तीन महिने आणि समोर माझी एकतीस वर्षं, असा हिशेब मी तिथं खुर्चीत बसून केला. मान हलवायचीच बाकी होती. माझे पाय दुखत होते, तोंड सुकलं होतं, आणि या खोलीतून लवकर बाहेर पडायला मिळेल एवढ्याचीच मला हाव सुटली होती.

पण ऑगस्ट हा शब्द कानात राहिला. आमच्या शाळेत गिरिजा म्हणून एक मुलगी होती. सहीच्या काहीतरी घोळामुळं तिचा निकाल राखून ठेवला होता. चूक तिची नव्हती, निकालही सुटला, अगदी ऑगस्टातच. बहात्तर टक्के. गुणपत्रिका घ्यायला ती आली तेव्हा तिच्या पायांत जोडवी होती आणि बरोबर नवरा होता. जूनमध्ये बाकीच्या पोरी अकरावीला गेल्या, हिच्या हातात कागद नव्हता, आणि घरातल्यांना तेवढी फट पुरली. गुणपत्रिका मीच तिच्या हातात दिली होती. तिनं ती नवऱ्याकडे दिली. नवऱ्यानं ती चार घड्या करून शर्टाच्या खिशात घातली.

ज्या पोरीचा बाप तिला बस चालवू देत नाही, तो तिला सुनावणीला कशाला घेऊन जाईल?

"सर, कोरा कागद द्या," मी म्हटलं.

"तुमाला काय ठावं ती कुठली हाय, कुणाची हाय? जल्मात कधी भेटणार न्हाय तुमाला ती."

"नाही ठाऊक. पण पुसलं मी आहे."

त्यांनी कागद दिला, पण हात लगेच सोडला नाही. म्हणाले, "पुसल्याचं लिवा. ठिपका कुणाचा, ते कुणी इचारलेलं न्हाय. त्ये लिवलाव तर एकवीसच्या एकवीस पोरं तुमचीच ठरत्याल."

ते खरं होतं. मी तेवढं लिहिलं नाही. परीक्षकाच्या हातून पुसलं गेलं, पान परीक्षकाच्या हातून फाटलं, परीक्षार्थीचा यात कोणताही दोष नाही, गुण आहेत तसे धरावेत. खाली सही. चार ओळी लिहायला मला इतका वेळ लागला, जितका एका निबंधाला लागतो. बिराजदार सरांनी त्या दोनदा वाचल्या, शेजारी स्वतःची हिरव्या शाईची सही केली आणि त्या मुलीची उत्तरपत्रिका माझ्यासमोरच पुन्हा तपासली. एक मार्क त्यांनी वाढवला. मी कंजुषी केली होती म्हणाले.

परतीच्या बसमध्ये येणेगूरच्या पुढं दिवस मावळला, मगरिबची वेळ झाली. पिशवीत खजूर ठेवायचे मी विसरले होते. बाटलीतल्या कोमट पाण्यावर रोजा सोडला. शेजारची बाई म्हणाली, लई थकलेल्या दिसता मावशी, जागा सरकून देऊ का? मी व्हय म्हटलं आणि नळदुर्ग येईपर्यंत झोपले.

पुढचं सगळं रीतसर झालं. एप्रिलमध्ये खुलासा मागणारं पत्र आलं, मी खुलासा दिला. मग दुसरं आलं, परीक्षक म्हणून माझं नाव कायमचं वगळल्याचं. ते वाचून मला शिक्षा झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी पंख्याखाली पाय पसरून पडले आणि यापुढं मार्च महिना रिकामा, एवढंच मनात आलं. पेन्शनच्या फायलीवर मात्र 'चौकशी प्रलंबित' असा शेरा बसला. मुख्याध्यापक मला बघून आता जास्तच मऊ बोलतात. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की विषय बदलतो. कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही. विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं, ठिपक्याचं नाव काढलं की पोरं अडकली असती.

मेमध्ये निकाल लागला. आमच्या शाळेचा बरा लागला. त्या मुलीचा आसनक्रमांक मला माहीत नव्हता, माहीत असता तरी बघायची हिंमत झाली असती की नाही, कोण जाणे. त्या दिवशी मी काहीबाही कामं काढत राहिले. डाळीचे डबे उन्हात घातले, पुन्हा आत आणले. जैनोद्दीननी दोनदा विचारलं, बसवालीचं काही कळलं का. मी त्यांच्यावर खेकसले.

दोन दिवसांनी फोन आला. नंबर अनोळखी.

"मॅडम, मी पौर्णिमा. दोन हजार दहाची बॅच. ओळखलंत का?"

मी हो म्हटलं. मला ती आठवत नव्हती. ती सांगत गेली आणि मी चेहरा शोधत राहिले. लग्न होऊन ती नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेली होती. तिथंच विनाअनुदानित शाळेत सहा वर्षं इंग्रजी शिकवत होती. नंबर तिनं कुणाकुणाला विचारून मिळवला होता. यंदा तिचा वर्ग पहिल्यांदाच इंग्रजीत सगळाच्या सगळा पास झाला होता.

"सगळे?" मी विचारलं.

"सगळे, मॅडम. एक पोरगी तर मला वाटलं गेलीच. काठावर निघाली. घरचे शाळा सोडवणार होते तिची, आता अकरावीचा फॉर्म भरलाय. एसटी चालवायची म्हणते वेडी." ती हसली. "मॅडम, ह्ये सगळं तुमच्या ठिपक्यामुळं. मला पाचवीपासून टू जमलं न्हाय, तुमच्या वर्गात जमलं. म्हणून मीबी पोरांकडून तसंच करून घेते. पुसायचं तेवढं इसरतात कधीकधी. आता नववीलाबी चालू केलाय."

मी भिंतीला टेकले. तिला काय काय सांगावंसं वाटलं. त्या एकवीस पेपरांतले ठिपके माझ्याच हाताखालून गेलेत, पोरी. तुझ्या बसवालीचं अक्षर मी ओळखते. मी आयुष्यभर जे काही केलं त्यातलं एवढंच कुठं पोचलं असेल तर ते तुझ्याकडे. पण पुढच्या मार्चमध्ये तिच्या पोरांचे पेपर दुसऱ्या कुणाच्या पुढ्यात पडतील, आणि दर वेळी बिराजदार सरांसारखा माणूस खिडकीपाशी तासभर उभा राहणार नाही.

"पौर्णिमा, ठिपका बंद कर," मी म्हटलं. "आजपासून. नववीचाही."

मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्हीच शिकवलेला आहे."

"म्हणूनच सांगते. तोंडी करून घे. पेपरावर पेन्सिल नको."

मी थांबले. तिनं 'का' म्हणून विचारलं असतं, तर मी सगळं सांगून टाकलं असतं. चौकशी, पेन्शन, काही बघितलं नसतं. मी वाट बघत राहिले.

"बरं मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज पडला होता. तिनं विचारलं नाही. माझ्या वर्गात मॅडमना 'का' असं विचारायची कुणाची छाती होत नसे, आणि माझा तो धडाही या मुलीनं नीट पाठ केलेला होता.